क्रिस्टल फिल्टरचा आलेख पाठवला, पण खालची ओळ कापून

घरी बांधलेल्या किंवा जुन्या हॅम (हौशी रेडिओ) रिसीव्हरसाठी कोणी सुटा क्रिस्टल फिल्टर, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा ठरावीक पट्टाच पुढे सोडणारी डबी, घेणार असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचावं. ‘आठ क्रिस्टलचा एसएसबी फिल्टर, 10.7 मेगाहर्ट्झ, बँडविड्थ 2.4 किलोहर्ट्झ, तपासलेला’ असं सांगून मला जी डबी विकली गेली, तिच्या आत एफएम वॉकीटॉकीत असतात तसले, 15 किलोहर्ट्झ रुंद पट्टा सोडणारे फिल्टर निघाले. माझे पैसे परत मिळालेले नाहीत. निदान दुसऱ्या कोणाचे तरी वाचावेत.

एसएसबी म्हणजे सिग्नलची एकच बाजू वापरून बोलणं पाठवायची पद्धत. तिच्या रिसीव्हरमध्ये शेजारचं स्टेशन अडवायचं काम बहुतेक सगळं या एका डबीवर असतं. आयएफमध्ये (रिसीव्हरमधल्या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या टप्प्यात) जे तिच्यातून सुटलं, ते पुढे कानापर्यंत आलंच. म्हणून नवा फिल्टर महाग पडतो, जुन्याला मागणी राहते, आणि अशा ठिकाणी फसवणारे येतात.

विकणाऱ्याने जाहिरातीत नॅनोव्हीएनएच्या (फिल्टर मोजायच्या छोट्या यंत्राच्या) पडद्याचा फोटो टाकला होता. आलेख सुरेख होता: सपाट माथा, दोन्ही बाजूंना सरळ उतरणाऱ्या कडा, खाली स्वच्छ तळ. हे यंत्र ज्यांनी वापरलंय त्यांना माहीत आहे की पडद्याच्या वरच्या कडेला ‘10 डीबी’ (डेसिबल) असं एका चौकोनाचं माप दिसतं आणि तळाशी स्टार्ट-स्टॉप किंवा सेंटर-स्पॅनचे आकडे असतात, म्हणजे आलेख कुठून कुठवर किंवा कशाभोवती किती रुंद आहे ते. फोटोत या दोन्ही ओळी नव्हत्या. मधला आलेख तेवढा ठेवून वरचं-खालचं कापून टाकलं होतं. 15 किलोहर्ट्झचा फिल्टर शंभर किलोहर्ट्झच्या स्पॅनवर पाहा आणि 2.4 चा सोळा किलोहर्ट्झच्या स्पॅनवर. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच रुंद दिसतात. म्हणजे आलेख खोटा नसेलही. तो त्याच डबीचा असू शकतो. फक्त प्रमाण काढून घेतलेल्या नकाशासारखा त्याचा उपयोग शून्य होता, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं.

डबी आली ती दिसायला चोख. धातूचं कवच, चार पाय, वर छापलेला नंबर. मी पायांना सोल्डर लावलं नाही. तांब्याच्या पत्र्याच्या बोर्डवर आयसी सॉकेटच्या सुट्या पिना बसवून ठेवल्या आहेत, त्यात पाय दाबून बसतात. कवच ग्राउंडला टेकलेलं हवं आणि आत जाणारी-बाहेर येणारी वायर एकमेकींपासून लांब हवी, नाहीतर सिग्नल फिल्टरला वळसा घालून जातो आणि चांगला फिल्टरसुद्धा गळका दिसतो. नॅनोव्हीएनए 50 ओहमचं आणि फिल्टर 500 ओहमचा सांगितलेला, म्हणून दोन्ही बाजूंना 450 ओहम सिरीजमध्ये. यात 20 डेसिबल जातात. आधी फिल्टरच्या जागी नुसती तार टाकून जी रेघ येते ती शून्य धरायची, मग फिल्टर बसवायचा.

सेंटर 10.7 मेगाहर्ट्झ, स्पॅन 50 किलोहर्ट्झ. 101 बिंदूंच्या स्वीपमध्ये (त्या रुंदीवरून यंत्राने मारलेल्या एका फेरीत) दोन बिंदूंतलं अंतर 500 हर्ट्झ पडतं, म्हणजे 2.4 चा फिल्टर पाच-सहा बिंदूंचा सुळका दिसायला हवा. मला दिसलं ते पडद्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढं पठार, आणि त्याच्या माथ्यावर उंचवटे.

विकणाऱ्याला फोटो पाठवला, सगळे आकडे दिसतील असा. उत्तर लगेच आलं (‘ओएम’ हे हॅम मंडळींचं ‘मित्रा’): “ओएम, तुमचं टर्मिनेशन चुकतंय. माथ्यावर लाटा दिसतायत ना? बोर्डवर सोल्डर करून नीट मॅच करा, मग बघा.”

सावध राहायचं ते या उत्तरापासून. यातलं अर्धं खरं आहे. टर्मिनेशन, म्हणजे फिल्टरच्या दोन्ही टोकांना लागणारे ठरावीक ओहम, चुकलं की पासबँडमध्ये (फिल्टर सोडतो त्या पट्ट्यात) खरोखरच लाटा येतात, माथा एका बाजूला कलतो, लॉस वाढतो. ज्याने चार फिल्टर मोजलेत त्याला हे माहीत असतं, म्हणून तो स्वतःच्याच जोडणीवर शंका घेतो. पण टर्मिनेशनमुळे कडा थोड्या सरकतील, 2.4 चे 15 होणार नाहीत. मी रेझिस्टर टप्प्याटप्प्याने वाढवत गेलो, तसतशा लाटा बसत गेल्या आणि रुंदी होती तिथेच राहिली. उलट त्यातून कळलं की ही डबी 500 ओहमची नाहीच. मग त्याने स्वीपच्या वेगाचं कारण काढलं. तेही अर्धं खरं: अरुंद फिल्टरवर स्वीप फार वेगाने मारला तर क्रिस्टल घुमत राहतात आणि आकार पसरतो. स्वीप हळू केला. काही फरक नाही.

“सोल्डर करून बघा” या सल्ल्यामागचा डाव मला पावतीखालच्या बारीक अक्षरांत सापडला: पाय सोल्डर केलेला माल परत घेतला जाणार नाही. पाय कोरे आहेत हे फोटोसह कळवल्यावर उत्तरं येणं बंद झालं. जाहिरातीच्या साइटकडे तक्रार केली, तर पैसे त्यांच्यामार्फत न जाता थेट खात्यात गेलेले, म्हणून त्यांनी हात वर केले. थेट खात्यात पाठवले तर थोडे कमी पडतील, हा प्रस्ताव त्याचाच होता.

शेवटी कानसने कड घासून डबी उघडली. आठ क्रिस्टल सोडाच, आत तीन पायांचे दोन छोटे मोनोलिथिक (क्रिस्टलच्या एकाच चकतीवर बनवलेले) फिल्टर पाठीला पाठ लावून चिकटवलेले, मध्ये एक सिरॅमिक कपॅसिटर, बाकी जागा मोकळी. दोन्हींवरची अक्षरं घासून काढलेली. कवचाची शिवण मात्र पुन्हा इतक्या सफाईने सोल्डर केली होती की बाहेरून शंका येऊ नये. हे एखाद्याचं चुकून झालेलं काम नाही. कष्टाने केलेली लबाडी आहे, आणि एकदाच केलेली असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा विकणाऱ्याकडून आलेख मागाल तर पडद्याचा पूर्ण फोटो मागा, वरची आणि खालची ओळ दिसेल असा, त्याच चौकटीत डबी आणि तुम्ही सांगाल तो शब्द लिहिलेली चिठ्ठी ठेवून. उणे 6 आणि उणे 60 डेसिबलवरची (माथ्यापासून तेवढं खाली) रुंदी दोन्ही विचारा. चांगल्या आठ क्रिस्टलच्या एसएसबी फिल्टरमध्ये दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीच्या आतबाहेर असतो. किती ओहम, हेही विचारा. ज्याने खरंच मोजलंय त्याला हे सांगायला वेळ लागत नाही.

ज्यांच्याकडे नॅनोव्हीएनए नाही त्यांना रिसीव्हरमध्येही ओळखता येतं. फिल्टर त्याच सुट्या पिनांवर बसवून आयएफमध्ये जोडा, कॅलिब्रेटरसारखा स्थिर कॅरियर (बोलणं नसलेला नुसता सिग्नल) लावा आणि डायल सावकाश फिरवा. शिट्टी बारीक आवाजापासून खाली उतरत झिरो बीटला (जिथे ती नाहीशी होते तिथे) येते. खऱ्या 2.4 च्या फिल्टरमध्ये, बीएफओ (बोलणं पुन्हा ऐकू येण्यासाठी लागणारा आतला ऑसिलेटर) पट्ट्याच्या कडेवर नीट बसलेला असेल तर, पलीकडच्या बाजूला ती जवळजवळ ऐकूच येत नाही. माझ्या डबीतून ती पलीकडेही तेवढ्याच जोरात परत वर चढली. ही तपासणी परत करण्याची मुदत संपायच्या आत करा, आणि तोवर पायांना सोल्डर लावू नका, विकणारा काहीही म्हणो.