माझीच कौले मला बेचाळीस रुपयांना विकली

छपराच्या कंत्राटदाराने मला फसवले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल: ३ लाख १५ हजार रुपये. त्यातले ७५ हजार यूपीआयने गेले, २ लाख ४० हजार रोख. रोखीची पावती नाही. आणि मी कामाला आहे एका कारखान्यात, स्टोअरकीपर म्हणून. चौदा वर्षे गाडी आली की चलन हातात धरून नग मोजतोय. स्वतःच्या घरी मात्र एक नग मोजला नाही.

घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले, चिऱ्याचे, मंगळुरी कौलांचे. दहा वर्षे बंद पडले होते म्हणूनच आम्हाला परवडले. आमचे पहिले स्वतःचे घर. २०२५ ची गणेश चतुर्थी तिथेच, असे बायकोने जानेवारीतच सगळ्यांना सांगून टाकलेले. कंत्राटदार ओळखीतून आला. ज्यांनी ओळख करून दिली ते आता फोन उचलत नाहीत.

छपराचे ४ लाख ८५ हजार ठरले. "पात्रांव, पक्के बिल हवे तर अठरा टक्के जीएसटी वर. बघा बाबा." मी तिथल्या तिथे तोंडी हिशेब केला, ८७ हजार ३०० वाचतात. कर्ज काढून घर घेतलेला कुठला माणूस हा हिशेब करणार नाही? बरे, तो लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहून देत होता तेव्हाही मला वाटले, साधा माणूस आहे.

आता तो क्षण, जो मला रात्री झोपू देत नाही. मार्चमध्ये तो शिडी लावून वर चढला आणि मलाही वर बोलावले. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि वळचणीकडच्या एका वाशात खुपसला. मुठीपर्यंत आत! बाहेर काढला तर टोकाला काळपट भुसा. "संपलंय सगळं लाकूड, वाळवी." पुढच्या वाशांवर त्याने स्क्रू ड्रायव्हरची मूठ नुसती ठोकली. टण्, टण्. प्रत्येक वाशाला मान हलवत होता. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो आणि मीही मान हलवत होतो. अरे, सडके लाकूड टण् वाजते का? जो एक वासा टोचला तो कौल फुटून वर्षानुवर्षे गळतीखाली होता, सडणारच. बाकीचे किंदळाच्या टणक लाकडाचे, काळेभोर, खिळा वाकेल असे. टोचायचे असेल तर स्वतःच्या हाताने टोचा, मधला वासा, आढ्याजवळचा वासा, आणि त्याने दाखवलेला सोडून.

वाळवीच्या औषधाचे २५ हजार वेगळे घेतले. पंपाने पांढरे पाणी भिंतींवर मारले, घरभर फिनेलचा वास. बांधलेल्या घरात वाळवीसाठी जमीन आणि भिंत जुळते तिथे साधारण तीस सेंटीमीटरवर एकेक भोक पाडून औषध आत सोडतात, हे मला नंतर कळले. माझ्या घरात एकही भोक नाही.

वासे एकूण ४४. एप्रिलअखेर अर्धे छप्पर उतरले, २२ वासे आणि आठशेच्या वर कौले खाली आली. शेजारच्या आजींनी सकाळी कुंपणावरून विचारले, "रात्री तुमचे वासे टेम्पोत कुठे नेले रे?" मी म्हणालो, "सडके आहेत आजी, जळाऊ म्हणून." त्या म्हणाल्या, "जळाऊ लाकडाला कोणी गोणपाट गुंडाळतं?" मला त्यांचा राग आला. वाटले, म्हाताऱ्या माणसांना उगाच दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय. (आजी, हे तुम्ही वाचणार नाही, पण चुकलो.) उतरवलेले लाकूड आणि कौले मालकाची, आवाराबाहेर जायची नाहीत, हे पहिल्या दिवशी लिहून घ्या.

मग नवा माल आला. बावीसच्या जागी १४ वासे, ओले, कडेला साल तशीच, वरून जळके ऑइल फासलेले म्हणजे रंग कळू नये. महिन्याभरात खाली पिठासारखा भुगा पडायला लागला. कौले लिहिली होती २,९००, दर ४२, एकूण १ लाख २१ हजार ८००. मंगळुरी कौल चौरस मीटरला साधारण पंधरा लागते. माझे छप्पर ११० चौरस मीटर, म्हणजे १,६५०, फुटतूट धरून सव्वासतराशे. हा गुणाकार मी कारखान्यात दिवसातून दहादा करतो! प्रत्यक्ष आली सातशेच. त्यातले एक हातात घेतले तर त्यावर हिरव्या ऑइल पेंटचा ओघळ. आमच्या खिडक्यांचा हिरवा. तारेच्या ब्रशने शेवाळ घासून माझीच कौले परत आणली होती.

१७ मेनंतर माणूस गायब. त्या वर्षी पावसाने मिरगाची वाट बघितली नाही, मेअखेरीसच मान्सून गोव्यात पोचला. अर्धे घर उघडे, वर निळी ताडपत्री, तीही मीच आणलेली.

पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. पहिल्या वेळी साहेब नव्हते. दुसऱ्या वेळी "हा दिवाणी मामला, कोर्टात जा." मी म्हटले, भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे ना? "वकील आहात?" नाही. "मग बिल दाखवा." बिल नाही. "मग पंचायतीची दुरुस्तीची परवानगी दाखवा." तीही नाही, कारण "कौले बदलायला कसली परवानगी" हे त्याच भामट्याने सांगितलेले. म्हणजे फसलो मी आणि घाम फुटला तोही मलाच. चौथ्या वेळी अर्ज घेतला, पोचीचा शिक्का मात्र "नंतर या". पंचायतीत गेलो तर तिथे मलाच नोटीस काढायची भाषा. एका कार्यालयातल्या खिडकीवरून मला पणजीला पाठवले. तिथे ऐकवले, फोंडा दक्षिणेत येतो, मडगावला जा. फोंडा तालुका दक्षिण गोव्यात जाऊन २०१५ च्या जानेवारीपासून दहा वर्षे झालेली, खिडकीवरच्या माणसाला अजून पत्ता नाही! तीन दिवसांची रजा आणि पेट्रोल, हे वरच्या आकड्यात धरलेले नाही.

ग्राहक आयोगात तक्रार मात्र दाखल झाली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षे, वकीलही सक्तीचा नाही. व्हॉट्सअॅपवरचे बोलणे पुसू नका, मी रागाच्या भरात निम्मे पुसले. आणि त्याचा घरचा पत्ता आधी घेऊन ठेवा, नोटीस पाठवायला तो लागतो.

चतुर्थी भाड्याच्या खोलीतच झाली. नव्या घरात गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली चौकट, टांगायला वर धड वासा नव्हता.

एक विनंती. जुन्या लाकडाच्या वखारीत किंवा जुन्या फर्निचरच्या दुकानात किंदळाचे वासे दिसले, एका टोकाला चौकोनी खाच आणि बाजूला खडूने घातलेले आकडे, तर कळवा. आकडे माझ्या हातचे आहेत, १ ते २२. उतरवताना तेवढे मात्र मी घातले होते.