३६ होलांचं हायड्रोपोनिक किट: सोलापूरच्या गच्चीवर एक वर्ष वापरून

मागच्या फेब्रुवारीत ऑनलाइन मागवलेलं, मातीशिवाय नुसत्या खताच्या पाण्यावर भाजी वाढवायचं किट आहे हे. ३६ होलांचे पांढरे पाइप, खाली ४० लिटरची टाकी, १८ वॅटचा छोटा पंप, नेट पॉट म्हणजे रोपं ठेवायच्या जाळीच्या छोट्या कुंड्या, स्पंजचे तुकडे, ए आणि बी अशा खताच्या दोन बाटल्या आणि बियांची पाकिटं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रारी बऱ्याच आहेत, आणि खरं सांगायचं तर निम्मी चूक माझीच. सोलापुरात राहून मार्चमधे पालक लावायला निघालो होतो, काय बोलणार.

जोडायला अडीच तास लागले. पाइप दणकट आहेत, वर्षभर उन्हात राहून एकालाही तडा नाही, जॉइंट गळले नाहीत, याला पैकीच्या पैकी मार्क. पुस्तिकेत लिहिलंय "भरपूर सूर्यप्रकाश द्या", मी तेच वाचून गच्चीच्या मधोमध मांडलं. हे लिहिणाऱ्यानं जुळे सोलापुरातल्या गच्चीवर एप्रिलमधे दुपारी दोनला अनवाणी उभं राहून दाखवावं.

पहिले वीस दिवस लई भारी वाटत होतं, रोज सकाळी चहा घेऊन वर जायचो. मग एप्रिल लागला आणि टाकीतलं पाणी दुपारी ३६ डिग्रीवर जायला लागलं. मुळांना गार पाणी लागतं, साधारण १८ ते २४ डिग्री, कारण पाणी जेवढं गरम तेवढा त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि मुळं कुजवणारी बुरशी अशाच पाण्यात जोर धरते. हे मला नंतर कळलं. त्यात एका दुपारी तीन तास लाइट गेली. पंप बंद म्हणजे पाइपातनं वाहणारी पाण्याची पातळ धार बंद, आणि त्या उन्हात मुळं वाळायला तेवढं पुरतं. संध्याकाळी नेट पॉट उचलून बघितला तर पांढरीशुभ्र मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि वास म्हणजे तुंबलेल्या मोरीचा. ३६ पैकी २९ रोपं गेली. कंपनीला फोटो पाठवले तर चार दिवसांनी उत्तर आलं, सर सेमी शेडमधे ठेवा. अहो मग पुस्तिकेत लिहा की!

दुसरा गोंधळ पाण्याचा. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मधे कमी पडलं तर बोअर. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, माझ्या मीटरवर ४०० च्या आसपास आला, बोअरचा ११००. आता पालकाला खत घालून १००० च्या आसपास ठेवायचं असतं आणि लेट्युसला (सॅलडचा पाला) तर ५००-६०० च, म्हणजे बोअरच्या पाण्यात खत घालायला जागाच उरत नाही, आकडा आधीच भरलेला. मीटर बघून मी खूश झालो होतो की पाण्यात भरपूर काहीतरी आहे, पण ते सगळे क्षार, झाडाला हवं असलेलं नत्र-बित्र त्यात किती ते मीटर सांगत नाही. शिवाय जड पाण्यानं पीएच, म्हणजे पाणी किती आंबट किंवा खारट-अल्कली त्याचं माप, सारखा वर चढतो. पाहिजे साडेपाच ते साडेसहा, आमच्याकडं पावणेआठ. पीएच डाउनचं लिक्विड किटमधे नाहीच, वेगळं घ्यावं लागतं, आणि तीन-चार दिवसाला थेंब-थेंब घालत बसावं लागतं. सुरुवातीला मी लिंबू पिळलं, दोन दिवसांत पीएच परत जागेवर.

खताच्या बाटल्यांचा किस्सा अण्णांचा. टॉवेल कारखान्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस, दोन बाटल्यांतनं रोज वेगळं-वेगळं मोजायचं त्यांना पटेना, त्यांनी दोन्ही एकाच बाटलीत ओतून ठेवल्या. सकाळी बघतोय तर तळाला पांढरा थर, चुना बसल्यासारखा.
"अण्णा, हे काय केलं?"
"एकत्रच जातंय की शेवटी टाकीत!"
जातंय खरं, पण टाकीत ४० लिटर पाणी असतं. घट्ट असताना ए मधलं कॅल्शियम बी मधल्या सल्फेट-फॉस्फेटला धरून बसतं आणि ते मग झाडाच्या काही उपयोगाचं नाही. म्हणून आधी ए टाकून ढवळायचं, मग बी. पुस्तिकेत हे एका ओळीत बारीक अक्षरात आहे, तेही इंग्रजीत.

दिवाळीनंतर परत लावलं. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधली, आणि टाकीला जुनी सोलापुरी चादर ओली करून गुंडाळली, माठाला फडकं गुंडाळतात तसं. आपली हवा कोरडी, त्यामुळं फरक पडतो, दुपारचं पाणी चार-पाच डिग्रीनं गार राहिलं. किटमधलं धन्याचं पाकीट उगवलंच नाही, मग घरातलेच धने रगडून, दोन फाका करून लावले. पंप डिसेंबरमधे बंद पडला, नवा बाहेरनं आणला. पण जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत पालक असा आला की शेजारच्या काकूंना दोनदा दिला. लेट्युसपण छान आला, फक्त घरात खाणारं कोणी नाही. शेवटी आईनं त्याची पीठ पेरून भाजी केली, आणि कडक भाकरीबरोबर बरी लागली बरं का.

पैशाचा हिशोब करून घेत असाल तर घेऊ नका. पंपाला महिन्याला तेरा युनिट जातात, खत वेगळं, आणि मंडईत पालकाची जुडी दहा-पंधरा रुपयाला मिळते.

नवीन माणसानं आधी किट घेऊच नये असं माझं मत. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, आतनं स्वच्छ धुवा, बाहेरनं काळा रंग द्या नाहीतर उजेडानं शेवाळ धरतं, झाकणाला भोक पाडून नेट पॉट बसवा, पाणी पॉटच्या बुडाला टेकेल एवढंच भरा. क्रॅटकी पद्धत म्हणतात याला, पंप नाही, लाइट नाही. पाणी खाली जाईल तशी वरची मुळं हवेत राहतात, तिथनंच श्वास घेतात, म्हणून परत काठोकाठ भरायचं नाही. सुरुवात ऑक्टोबरनंतर करा. ते जमलं तर मग पाइपांकडं वळा.

पाइपांना पाच, पंपाला एक, बियांना शून्य, पुस्तिकेला काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा. एकूण तीन स्टार. यंदा फेब्रुवारी संपला तसं सगळं धुऊन माळ्यावर टाकलंय, नेट पॉट तेवढे आईनं लसूण वाळत ठेवायला नेलेत, दिवाळीला परत मिळतील का माहीत नाही.