मेंदी, जागुआ की टॅटू: रंग कोणत्या थरात थांबतो?

ठाण्याच्या नौपाड्यात राहणारी माझी भाची जूनमध्ये अठरा वर्षांची झाली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पानांची छोटीशी वेल काढून घ्यायची, हे तिने ठरवून टाकले. कशाने काढायची, एवढाच प्रश्न उरला होता. मेंदीचा कोन, जागुआ या फळाच्या रसाचे जेल आणि सुईने काढलेला टॅटू असे तीन पर्याय तिच्यापुढे होते. यांची तुलना बहुतेक जण किंमत, रंग आणि दुखणे यांवर करतात. मला मात्र ती त्वचेच्या थरांवर करावीशी वाटते, कारण रंग कोणत्या थरात जाऊन थांबतो यावरच तो पंधरा दिवस राहणार की जन्मभर, हे ठरते.

मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातील केराटिन या प्रथिनाला चिकटते. तळहातावर हा थर जाड असल्यामुळे तिथे मेंदी गडद चढते आणि मनगटावर तीच फिकट नारिंगी दिसते. लवंगेच्या धुरावर हात धरणाऱ्या घरोघरच्या बायकांना हे रसायन ठाऊक नसले, तरी ऊब दिल्याने रंग खुलतो हे त्यांनी अचूक हेरलेले होते. वरचा थर रोज थोडा थोडा झडत असल्याने एक ते तीन आठवड्यांत मेंदी निघून जाते.

जागुआचा मार्ग जवळपास तोच आहे. दक्षिण अमेरिकेतील एका झाडाच्या कच्च्या फळात जेनिपिन नावाचे रसायन असते, ते त्वचेतील प्रथिनांशी संयोग पावून निळसर काळे होते आणि एक-दोन आठवडे टिकते. लावल्यावर पहिले काही तास रंग फिका वाटतो आणि खरी छटा दुसऱ्या दिवशी उमटते. दुरून पाहणाऱ्याला तो टॅटूच वाटतो, हा त्याचा मोठा फायदा आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कोनांत केस रंगवण्याच्या डायमधील पीपीडी हे रसायन मिसळलेले असते. त्याने फोड येऊ शकतात, डाग राहू शकतात आणि पुढे आयुष्यभर हेअर डायची अ‍ॅलर्जी मागे लागू शकते. तासाभरात काळीभोर होणारी मेंदी ही मेंदी नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

टॅटूची गोष्ट वेगळी आहे. मशीनची सुई बाह्यत्वचा ओलांडून सुमारे एक-दोन मिलिमीटर आत, म्हणजे अंतस्त्वचेत, शाई सोडते. बाह्यत्वचा साधारण महिनाभरात नवी होते, पण तिच्याखालचा हा थर तसा झडत नाही. मात्र एवढ्याने उत्तर पुरे होत नाही, कारण शाई ही शरीराच्या दृष्टीने परकी वस्तू असते आणि तिला हटवायला रोगप्रतिकारक पेशी लगेच धावून येतात. मॅक्रोफेज नावाच्या या भक्षक पेशी शाईचे कण गिळतात खऱ्या, पण त्यांना ते पचत नाहीत. अगदी बारीक कण लसिकावाहिन्यांतून जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतात आणि त्या ग्रंथीही रंगतात. मोठे कण पेशींच्या पोटात जागच्या जागी अडकून पडतात. या पेशीही अमर नसतात. फ्रान्समधील संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर दाखवून दिले, की रंग गिळलेली पेशी मेली की कण मोकळे होतात आणि त्याच जागी आलेली नवी पेशी ते पुन्हा गिळते. म्हणजे ज्या पेशी घाण साफ करायला आल्या, त्याच ती सांभाळत बसतात. चित्र तेच राहते, राखणदार तेवढे बदलतात.

या हस्तांतरात वर्षानुवर्षे कण किंचित सरकत असावेत असे मला माझ्या आजीचा हात आठवून वाटते. लहानपणी जत्रेत एका गोंदणारीने सुया आणि काजळी वापरून तिच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदले होते. ती ऐंशीची झाली तेव्हा वृंदावनाच्या कडा पसरून ते हिरवट ठिपक्यांसारखे दिसत असे. काजळी काळीच असते. त्वचेखालून पाहताना प्रकाशाच्या विखुरण्यामुळे ती निळसर हिरवी भासते. मेल्यावर सोबत फक्त गोंदण येते, असे आजी म्हणायची. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या शरीरावर कार्बनने काढलेल्या 61 खुणा अजून दिसतात, तेव्हा तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. अतिशय नाजूक रेघांची वेल काढणाऱ्याने मात्र त्या वृंदावनाच्या कडा डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

‘नको झाला तर लेझरने काढू’ हा युक्तिवाद मला कच्चा वाटतो. लेझर शाई पुसत नाही. कणांचे तुकडे करतो आणि ते वाहून नेण्याचे काम पुन्हा शरीरावरच सोपवतो. त्यासाठी अनेक बैठका लागतात आणि दोन बैठकांत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. काळा रंग तुलनेने लवकर जातो, हिरवा-निळा हट्टी असतो, तर पांढरी शाई लेझरने उलट काळवंडू शकते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही लेझर शोषून घेते, त्यामुळे पांढुरके चट्टे राहण्याची शक्यता अधिक असते.

सैन्यभरतीचा विचार असणाऱ्यांसाठी जागेची निवडही महत्त्वाची ठरते. लष्कराच्या जाहिरातींत कोपरापासून मनगटापर्यंतचा आतला भाग आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच ठिकाणी कायमच्या टॅटूला मुभा असते, तर केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत तो डाव्या हातावर आणि त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान असावा लागतो. मेंदी-जागुआला हा प्रश्नच नाही.

स्टुडिओत गेल्यावर सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का आणि शाई नव्या छोट्या वाटीत ओतली जाते का, हे पाहावे. हेपॅटायटिस बी आणि सी रक्तावाटे पसरतात. हंगामही पाहावा. जखम वरवर भरायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पावसाळ्यात ठाणे स्थानकावरच्या गर्दीत, ओल्या बाह्या घासत, ती कोरडी ठेवणे कठीण असते.

भाचीने आधी जागुआ लावून पाहिले. तिसऱ्या दिवशी तिला वेल घड्याळाच्या पट्ट्याखाली जाते असे आढळले, पाचव्या दिवशी ती चार बोटे वर सरकवावी असे वाटले, आणि बाराव्या दिवशी रंग पूर्ण गेल्यावर तिने वेलीची सहा पाने तीनवर आणली. स्टुडिओची वेळ तिने दिवाळीनंतरची घेतली आहे.