खाणकंपन्यांविरुद्धचा ऑनलाइन कोर्स: कागद पक्के, कान कच्चे

सहा शनिवार, दर वेळी दोन तास, वर गृहपाठ. परदेशी खाणकंपन्यांशी भांडणाऱ्या गावांना दुरून साथ कशी द्यायची, हे शिकवणारा कोर्स नुकताच संपवला. मी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालेली बाई. मोर्चात दोन घोषणांत माझा घसा बसतो, ताळेबंद मात्र वाचता येतो. म्हणून नाव घातलं.

तिसरा शनिवार फार आवडला. ओडिशातल्या नियमगिरीची लढाई आपल्याला डोंगराच्या बाजूने ठाऊक असते: २०१३ मध्ये बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. इथे ती लंडनकडून दाखवली. ती खाण काढू पाहणाऱ्या वेदांता कंपनीचे शेअर तेव्हा तिथल्या बाजारात होते, म्हणजे जाब विचारायची जागाही तिथेच. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने २००७ मध्येच कंपनीला वगळलं होतं, २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनेही शेअर विकले.

मग लुटुपुटूची वार्षिक सभा. शिक्षक अध्यक्ष, आम्ही एकेका शेअरचे मालक. माझा प्रश्न चार मिनिटं चालला. "धन्यवाद, आमचे अधिकारी तुमच्याशी बोलतील," म्हणत त्यांनी माझा माइक बंद केला. दुसऱ्या खेपेला एवढंच विचारलं: खाणीचा गाळ साठवता त्या धरणाची बाहेरच्या तज्ज्ञाकडून शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली? अध्यक्षमहाराज कागद चाळत बसले!

एल साल्वादोरचा धडा मात्र शिळा. पॅसिफिक रिम कंपनीने परवाना मिळेना म्हणून २००९ मध्ये देशावरच जागतिक बँकेच्या लवादात दावा लावला. २०१६ मध्ये ती हरली, वर ८० लाख डॉलर खर्च भरायचा आदेश झाला. २०१७ मध्ये तिथल्या संसदेने धातूंच्या खाणींवर बंदी घातली. टाळ्या, स्लाइड संपली. ती बंदी डिसेंबर २०२४ मध्ये उठवली गेली, त्याबद्दल अवाक्षर नाही. मी चॅटमध्ये लिहिलं, तर उत्तरादाखल नुसता अंगठा आला.

पाचव्या शनिवारी एका खाणपट्ट्यातली बाई बोलायला होती. तिच्या वाट्याला पंधरा मिनिटं. ती स्पॅनिशमध्ये बोलत होती आणि दुभाष्याचा आवाज अर्धा वेळ गायब. विहिरीबद्दल काहीतरी सांगत असावी, कारण पाणी कुठवर होतं आणि आता कुठे गेलंय ते हाताने दाखवत होती. आधी छातीपाशी, मग टेबलाखाली. तेवढ्यात वेळ संपली. पुढची चाळीस मिनिटं आम्ही पोस्टरचा रंग ठरवला. तिला कुठला रंग हवा, किंवा मुळात पोस्टर हवं का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पाचपैकी तीन तारे. कंपनीचे कागद वाचायला शिकायचं असेल तर जरूर घ्या.

जाता जाता दुभाष्याचं एक वाक्य ऐकू आलं होतं: "हे रेकॉर्डिंग आमच्या गावाला पाठवाल का, असं त्या विचारतायत." आम्हाला ते दुसऱ्याच दिवशी मिळालं, इंग्रजीत. तिला पाठवलं का, म्हणून मी दोनदा मेल केली आहे.