बी६ चार्जर मस्तय, पण त्या "फायरप्रूफ" पिशवीच्या भरवशावर झोपू नका

स्कायआरसीचा आयमॅक्स बी६एसी व्ही२ बरेच महिने वापरतोय, एफपीव्ही क्वाडच्या (गॉगलमधून बघत उडवायचा चार पंख्यांचा ड्रोन) ४एस, म्हणजे चार सेलच्या, १५०० एमएएच बॅटऱ्यांसाठी. डीजेआयचे कॅमेरा ड्रोनवाले, तुम्हाला याची गरज नाही, तुमच्या बॅटरीत सेल सांभाळणारं सर्किट आतच असतं. आमच्या उघड्या लायपोला (लिथियम पॉलिमर बॅटरी) मात्र बॅलन्स चार्जर, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा, लागतोच.

पॉवर ५० वॉट. ४एस १५०० ला १सी (साधारण तासाभरात भरेल एवढा करंट) म्हणजे दीड अँपिअर, शेवटी १६.८ व्होल्टला धरलं तरी २५ वॉटच्या आसपास, आरामात होतं. दोनतीन पॅक पॅरलल बोर्डावर (एकाच चार्जरला अनेक बॅटऱ्या एकत्र जोडायची पट्टी) लावून पटकन उरकायचे असतील तर मात्र पुरणार नाही, आणि नवीन असाल तर घरात पॅरललच्या भानगडीत पडूच नका, एक भरलेली आणि एक रिकामी एकत्र जोडली की एकीतून दुसरीत धडाधड करंट जातो, चार्जरला त्यात काही करताच येत नाही.

डिस्प्ले जुन्या वळणाचा, दोन ओळींचा. चार्ज सुरू व्हायच्या आधी त्यावर आर आणि एस असे दोन आकडे येतात, आर म्हणजे चार्जरला सापडलेले सेल आणि एस म्हणजे तुम्ही निवडलेले, ते जुळले नाहीत तर पुढे जाऊच नका. मोडपण नीट बघा, साधी लायपो सेलला ४.२ व्होल्टवर थांबली पाहिजे, चुकून एचव्ही (जास्त व्होल्टच्या लायपोचा मोड) लावला तर तो ४.३५ पर्यंत नेतो, आणि आग लागायचा हा एक राजमार्ग आहे.

न वापरता ठेवायच्या बॅटरीसाठी स्टोरेज मोड आहे, सेलला ३.८ च्या आसपास आणून ठेवतो. पण डिस्चार्ज फक्त ५ वॉटचा! सगळं फुल करून ठेवलं आणि पावसाने बेत फिसकटला की एक ४एस उतरवायला दोन तासांच्या वर जातात, दहा पॅक असतील तर बसा. त्यापेक्षा उडवायच्या दिवशी सकाळीच चार्ज करा.

आता पिशवी. चार्जरसोबत एक लायपो सेफ बॅग, म्हणजे चार्ज होताना बॅटरी ठेवायची ती फायरप्रूफ म्हणवणारी पिशवी, घेतली, कंपनीचं नाव घेत नाही. कापड ठीक आहे, पण वायर बाहेर काढायला चेन थोडी उघडीच ठेवावी लागते, मग ज्वाळा थोड्या अडतील पण धूर कुठे जाणार, घरातच ना? आणि तो धूर भयंकर विषारी असतो. म्हणून मी पिशवीसकट बॅटरी बाल्कनीत फरशीवर मातीच्या कुंडीत ठेवतो, आजूबाजूला पडदा, पुठ्ठा काही नाही, शेजारी कोरड्या वाळूची बादली. बेडवर, सोफ्यावर अजिबात नाही आणि चार्जिंग चालू असताना घराबाहेर पडायचं नाही. आई म्हणते एवढं सांभाळून लहान पोरालापण कोणी ठेवत नाही 😄

उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच लावू नका, मे महिन्यात तर तासभर सावलीत राहू द्या. फुगलेली असेल तर चार्जच करू नका, कितीही महाग असो.

आणि हो, बी६ चे डुप्लिकेट बाजारात ढिगाने आहेत. कुठूनही घ्या, पण पहिल्या चार्जनंतर शंभर-दोनशेच्या सेल चेकरने किंवा मल्टिमीटरने एकेक सेल मोजा, चार्जर ४.२० दाखवतोय आणि मीटर ४.२५ म्हणतंय तर सरळ परत करा.