थ्रो बॅग कमरेला की राफ्टला?

राफ्टिंगसाठी लाइफ जॅकेट, हेल्मेट, शिट्टी तुमच्याकडे आहेच असं धरतो. पैसे एकाच थ्रो बॅगचे, म्हणजे पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या दोराच्या पिशवीचे, असतील तर अडायला होतं. राफ्टला अडकवायची मोठी घ्यावी की कमरेला बांधायची लहान? मी आधी मोठी घेतली, तीन पावसाळे वापरली, मग लहान घेतली. म्हणजे माझं पारडं कुठे झुकतं ते कळलंच असेल.

मोठीचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. माझीत 20 मीटर दोर होता, चांगला 10 मिलिमीटर जाड. भिजून सुरकुतलेल्या बोटांत तो नीट बसायचा. लहान बॅगेतला 7 मिलिमीटरचा दोर, पलीकडे माणसाचं वजन आलं की तळहातात रुततो. रुतला म्हणून हाताला वेढा मात्र मारायचा नाही, नाहीतर सोडायची वेळ आली तरी सुटत नाही. मोठीचं तोंडही ऐसपैस, त्यामुळे ओला दोर भराभर आत जातो. लहानीत भरताना उशीत कापूस कोंबल्यासारखं होतं, मला तरी अजून पटकन जमत नाही.

मग मोठीने घोडं अडवलं कुठे? कॅराबिनरवर, म्हणजे बॅग राफ्टला अडकवायच्या धातूच्या कडीवर.

कोलाडला कुंडलिका नदीवर आम्ही मध्येच काठाला लागलो होतो. मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज करून खाली सोडतात, त्यावर तिथलं राफ्टिंग. पाणी सुटलं की धारेला चांगलीच ओढ असते. आमच्यातला एक मुलगा शेवाळलेल्या दगडावरून घसरला आणि थेट धारेत. माझी बॅग दहा पावलांवर, राफ्टला. धावलो तर कॅराबिनर बंद ठेवणाऱ्या स्क्रूत रेती गेलेली, फिरता फिरेना. मी त्याच्याशी झटतोय तोवर शेजारच्या राफ्टच्या गाईडने कमरेची बॅग काढून फेकली. पोरगं दोर खांद्यावरून छातीशी धरून, उताणं, झोका घेत काठाला लागलंसुद्धा. माझा स्क्रू त्यानंतर सुटला.

बिनस्क्रूचा कॅराबिनर लावा म्हणाल, तर तो कधी दोरात, कधी कुणाच्या जॅकेटच्या पट्ट्यात आपणहून अडकतो. पाण्यात तसं अडकणं फार वाईट. आणि राफ्ट उलटली तर बॅगही राफ्टखाली.

कमरेच्या बॅगेचा जाच वेगळा. राफ्टच्या कडेवर बसलं की पाठीत टोचते, पॅडल मारता मारता सरकून पोटावर येते. मी आताशा दर रॅपिडनंतर, म्हणजे खळाळत्या टप्प्यानंतर, सवयीने मागे ढकलतो. घेताना दुकानात पट्टा बांधून, खाली बसून बघा. पट्टा एका हिसक्यात सुटायला हवा आणि फेकताना बॅग पट्ट्यापासून पूर्ण वेगळी व्हायला हवी. दोराचं टोक अंगाला बांधलेलं राहिलं तर वाचवणाराच ओढला जातो. दोर बाळगायचा तर तो अडकल्यास कापायला सुरीही हवीच. पहिली फेक चुकली तर लहानमोठीत मला फारसा फरक वाटला नाही. दोर परत भरत बसायचं नाही, वेढे गोळा करायचे, बॅगेत थोडं पाणी घ्यायचं आणि फेकायची.

लांबीचं मात्र खरं. माझी लहान 15 मीटरची, हातून जेमतेम बारा जाते. कुंडलिकेला मला तेवढी पुरली. ऋषिकेशला शिवपुरीच्या खाली गंगेचं पात्र बघितल्यावर ती तोकडी वाटते. तिथे मोठीच हवी असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही, मीसुद्धा मित्राची मागून नेतो.

माझी स्वतःची मोठी? एकदा दोर वाळायला गॅलरीत बांधला, तर आईने त्यावर धुणं घातलं. महिनाभराने आठवण झाली तोवर उन्हाने त्याचा रंग उडाला होता. उन्हात राहिलेल्या दोराचा भरवसा नाही, म्हणून तिथेच राहू दिला. आई खूश आहे.