सात महिने डकडकगो वापरल्यानंतर

आईच्या गुडघेदुखीवर एकदा काहीतरी शोधलं होतं, त्यानंतर तीन आठवडे जिथे जाईन तिथे गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती, बातम्या वाचायला गेले तरी तेच. तेव्हा ठरवलं की बास झालं, सर्च इंजिनच बदलायचं. डकडकगो २००८ पासून आहे पण मी कधी नीट वापरलं नव्हतं. आता सात महिने झाले, लॅपटॉप आणि मोबाईल दोन्हीवर हेच डिफॉल्ट आहे.

पहिले दोन आठवडे जड गेले, कारण आधीच्या इंजिनला माझ्या सवयी पाठ होत्या. मी पक्षी बघते, त्यामुळे इंग्रजीत नुसतं क्रेन टाकलं की तिकडे पक्षीच यायचे, इकडे पहिल्यांदा टाकलं तर सामान उचलायची यंत्रं पण आली. साहजिक आहे, मी कोण, काल काय शोधलं याची नोंदच ते ठेवत नाही ना. मग क्रेन, पक्षी, आवाज असं पूर्ण लिहायला लागले आणि खरं सांगते, त्याने माझं शोधणंच सुधारलं, मला नक्की काय हवंय ते आधी मनात स्पष्ट करावं लागतं. जाहिराती इथेही आहेत बरं का, पण त्या वेळी जे शोधतोय त्या शब्दांवरून दिसतात, नंतर मागे लागत नाहीत.

सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे बँग. उद्गारचिन्ह, त्याला चिकटून डब्ल्यू, मग स्पेस देऊन विषय टाकायचा की थेट विकिपीडियावर. अशी हजारो साइटसाठी आहेत, मला रोज लागतात ती चार-पाच, पण आता बोटांना इतकी सवय झालीये की दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पण तेच टाइप करते.

एक मात्र माहीत असू द्या, वेबच्या लिंक बऱ्याचशा बिंगकडून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनकडून येतात. मे २०२४ मध्ये बिंग काही तास बंद पडलं तेव्हा इथला शोधही अडला होता. म्हणजे अगदी स्वतंत्र आहे असं समजू नका. आणि प्रायव्हसी म्हणजे अदृश्य होणं नाही, लिंकवर क्लिक करून ज्या साइटवर जाल ती साइट तिचं ट्रॅकिंग करणारच, तेवढ्यासाठी ब्राउझरची सेटिंग वेगळी बघावी लागते.

मराठीत शोधताना ऱ्हस्व-दीर्घ बदलून दोनदा टाकते, कारण लोक वेबवर दोन्ही तऱ्हेने लिहितात आणि कामाचं पान कुठल्या स्पेलिंगमध्ये सापडेल सांगता येत नाही.

आईच्या फोनवर पण लावून दिलंय. सेटिंगमध्ये एआयचं उत्तर कधीच नको असं करता येतं, ते तिच्यासाठी मुद्दाम केलं, कारण तब्येतीचं काही वाचताना तिने मूळ पान उघडावं आणि ते कोणी लिहिलंय हे बघावं असं मला मनापासून वाटतं.